फणसाचं दार

नाय, नाय, ती पटाशी आधी खाली ठेवा. दार फोडायचं नाय मिस्त्री, काढायचं आहे. अख्खं. बिजागऱ्या सोडवायच्या, दार अलगद उतरवायचं, खाली हातगाडी उभी आहे तिच्यावर आडवं घालायचं — झालं तुमचं काम. काय? गिरणीची चाळ आहे, दार काढलं तर बोंबाबोंब होईल? होऊ दे. भिंती गिरणीच्या, छप्पर गिरणीचं, मोरीतला नळ गिरणीचा आणि त्यातून पाणी येत नाय ते पण गिरणीचंच — पण दार माझ्या बापाचं आहे. हात फिरवून बघा, फणस आहे फणस. लग्न होऊन इथं लालबागला आले तेव्हा ह्या खोलीला पत्र्याचं दार होतं, कुत्र्याने अंग घासलं तरी उघडायचं. माझ्या बापाला कुणीतरी गावी जाऊन सांगितलं, जाईची खोली उघडी असते म्हणून — त्याने परसातला फणस आडवा केला, दार करून घेतलं आणि वेंगुर्ल्याहून बोटीवर चढवून दिलं. भाऊच्या धक्क्यावरून गाववाल्यांनी ते डोक्यावर घेऊन आणलं. रस्त्यात लोक बाजूला व्हायचे, टोप्या काढायचे, त्यांना वाटायचं मयत चाललीय. आणि बुधाजी — माझा नवरा — पुढे हसत हसत ओरडत होता, अरे दार आहे, दार, माझ्या सासऱ्याने पाठवलंय! तेव्हा हसायचा तो.

घाई करा म्हणते ती एवढ्याचसाठी, की तो यायच्या आत हे खाली गेलं पाहिजे. कुठे गेलाय? शीव कोळीवाड्याला, दुसऱ्या हातगाडीवर पहिली खेप घेऊन. तिथे एक खोली मिळालीय, पत्र्याचीच, बाजूला सुकट वाळत असते. गिरणीची चाळ म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, माणूस साच्यावर, मागावर उभा आहे तोवर खोली — साचा सुटला की बिऱ्हाड रस्त्यावर. वॉचमन सकाळपासून डोकावतोय, निघाला का, निघाला का. मघाशी आला तेव्हा मी उलथनं तापवूनच उभी होते, म्हटलं ये, आत ये, तुझ्या कपाळावर भाकरी भाजते. परत आला नाय. हसू नका. मी खरंच मारते. ह्या माळ्यावर कुणालाही विचारा. ही शेजारची कमळाबाई, जिच्याकडे तुम्ही आत्ता पाणी मागितलंत, तिच्या डोक्यावर उजव्या बाजूला केस कमी दिसले ना? ते मी उपटलेत. मूठभर. त्या दिवशी जे बघितलं ते तिने मला दोन दिवस सांगितलं नाय म्हणून. आता आम्ही बोलतो, पीठ-मीठ देतो-घेतो, तसं काय नाय. पण केस आले नायत.

तर हे दार नव्या खोलीला बसवायचं. तुम्हीच यायचं तिकडे बसवायला. बुधाजीला माहीत नाय. त्याला वाटतंय दार इथंच राहणार, आपण सुटलो. मी नाय सोडणार. तो जिथे जाईल तिथे हे दार जाईल, मेला तर ह्याच्यावरच घालून नेईन.

असे बघू नका माझ्याकडे, काम करा. आधी हा दांडा काढा — हा अडसर, हा पण न्यायचाय, आकड्यांसकट. वजन बघितलंत? लोखंड आहे भरीव. चौकटीला दोन्ही बाजूंनी हे आकडे, त्यात आतून आडवा टाकला की दहा माणसं बाहेरून आली तरी दार हलत नाय. आणि काढायचा म्हणजे? नुसता वर उचलायचा. दोन बोटांचं काम. लक्षात ठेवा बरं, दोन बोटांचं. आधी आमच्याकडे साधी कडी होती हो, सगळ्यांकडे असते तशी. पण त्या नोव्हेंबरात फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळ्या घातल्या, आपली माणसं रक्तात न्हाऊन परत आली, आणि मग पोलीस पलीकडच्या चाळीत शिरले — लाथेसरशी कड्या तुटल्या, बायकांना झिंज्या धरून गॅलरीत ओढलं. मी बघत होते इथून. त्या रात्री मी बुधाजीला ताटावरून उठवला. म्हटलं, गिरणीत एवढं लोखंड आहे, माझ्या दाराला एक दांडा मिळत नाय तुला? तो म्हणतो, अगं कशाला एवढा जड, अडीनडीला आपल्यालाच नडेल. मी ताट भिरकावलं. म्हटलं, झिंज्या तुझ्या धरणारेत की माझ्या? मग गुमान गेला आणि गिरणीतल्या फिटरकडून करून आणला. शेजारीपाजारी बघायला आले होते. कमळाबाईचा नवरा म्हणाला, वहिनी, हा काय दरवाजा आहे की किल्ला? मी म्हटलं, किल्लाच. माझा.

हां, वरची बिजागरी गंजलीय, तेल घाला. घाला घाला, त्या बाटलीत आहे.

मग ती संक्रांत आली. तिळगूळ अजून डब्यात होते, आणि रेडिओवर सांगितलं की मुंबई आपली नाय, दिल्लीच्या हातात जाणार. काय झालं ते तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही पण इथलेच. नाय? तेव्हा गावी होतात? मग सांगते. रस्ता दिसत नव्हता, नुसती माणसं आणि दगड. गिरण्या बंद. टायर जळतायत, गॅसने डोळे फुटतायत, आणि आम्ही बायका गच्चीवर. मी, शेजारीण बकुळा, वरच्या माळ्यावरच्या सगळ्या. घमेली भरून खडी नेलेली, फुटक्या कपबशा, जात्याची जुनी तळी, आणि शेगड्या पेटवून हंड्यात पाणी. उकळतं. मिरचीपूड घालून. एक शिपाई बरोबर माझ्या हंड्याखाली सापडला — असा ओरडला, असा — खोटं कशाला बोलू, अजून आठवलं की छातीत गार वाटतं. तोंड धरून गोल गोल फिरत होता. मग गोळ्या आल्या वर. एक बकुळाच्या कानाशी भिंतीत बसली, चुना उडून तिचं तोंड पांढरं झालं, ती हसायलाच लागली, वेड्यासारखी हसायला लागली, मी तिला खाली पाडली आणि तिच्यावर पडून राहिले. सगळ्या पालथ्या. आणि आम्ही पालथ्या असताना ते खालून चाळीत शिरले.

जयवंत रस्त्यावर होता. माझा मुलगा. एकुलता. एकोणिसावं लागलं होतं, बापाच्या हाताखाली साचा शिकत होता, दगड मारायला मात्र कुणी शिकवावं लागलं नव्हतं — हात माझा घेतला होता त्याने. तो पुढे, पोलीस मागे. जिन्याने वर आला. दुसरीकडे कुठे जाणार? घरी आला. पोर घरीच येणार ना, मिस्त्री? मी गच्चीवर, बाप खोलीत, रात्रपाळी करून आलेला, आणि अडसर टाकलेला. टाकायचाच होता, त्याबद्दल नाय मी म्हणत. सगळ्या चाळीने दारं लावली होती. पण पोर आल्यावर काढायचा की नाय? कमळाबाईने खिडकीच्या फटीतून बघितलं. ती सांगते, एका पायात चप्पल होती, एका पायात नाय. दोन्ही हातांनी दार बडवत होता, बाबा, मी आहे, बाबा, जयवंत आहे, उघडा. मग खांदा लावला. मग पाठ लावून पाय त्या कठड्याला दिले आणि ढकलायला लागला — पोरात ताकद होती हो, गोणी उचलायचा — तोवर ते आले. कितीजण ते तिला पण नाय कळलं, गॅलरी भरली म्हणते. तिथेच, दाराला दाबून. लाठ्या, बूट, बंदुकीचे दस्ते. ही बघा खोक, इथे — ही चुकलेली लाठी. ही पण चुकलेली, ही पण. ज्या चुकल्या नायत त्यांच्या खुणा दारावर नायत.

आणि मग ते गेले. खाली शिट्टी झाली, गेले सगळे. आणि तेव्हा दार उघडलं! ऐकलंत? सगळं झाल्यावर, जिन्यातल्या बुटांचा आवाज पार गेल्यावर, मग माझ्या नवऱ्याने दार उघडलं. जयवंत पाठीवर आत पडला, डोकं बापाच्या पायावर. मी गच्चीवरून आले तेव्हा तो मांडीवर घेऊन बसला होता, दोन्ही हात रक्ताने भरलेले, आणि पोराच्या डोळ्यांत जीव नव्हता. कुठे इस्पितळात न्यायचं, काय न्यायचं. मी विचारलं, हा बाहेर कसा राहिला? बोलला नाय. तिसऱ्या दिवशी कमळाबाईकडून कळलं, तेव्हा मी त्याच्या नरड्यावर बसले. म्हटलं, पोर दार बडवत होतं, तू ऐकलंस? म्हणतो, ऐकलं. मग का नाय उघडलंस? म्हणतो, नाय उघडलं. एवढंच. नाय उघडलं. वर्ष झालं मिस्त्री, वर्षाच्या वर झालं, ह्या दोन शब्दांच्या पलीकडे तोंडातून काय निघालं नाय.

मग मी मारते. हो, नवऱ्याला. तोंड वाकडं करू नका, तुम्ही घरी बायकोला मारत असाल तेव्हा कोण येतं विचारायला? पहिलं लाटणं त्याच्या पाठीवर मोडलं. मग बिडाच्या तव्याने मारलं. एकदा चुलीतलं लाकूड ओढलं आणि खांद्यावर ठेवलं, असं, टेकवून — मांस जळल्याचा वास आला तेव्हा मीच सोडलं, तो हलला नाय. मी म्हणते, मार मला उलट, अरे एक तरी मार, कुणाला तरी हात लाव, पोलिसाला नाय तर मला लाव! नाय. बसून राहतो. मार खाल्ला की उठतो, सांडलेलं भरतो, मोडलेलं उचलतो. सणाच्या दिवशी पण. लोक म्हणतात जाईबाई, पुरे झालं आता. काय पुरे झालं? त्याला भीती वाटली, जिवाची भीती वाटली, स्वतःचं टाळकं वाचवायला पोराला मरू दिलं, आणि मी पुरे करू? म्हणून दार न्यायचं. नव्या खोलीत रोज रात्री त्याने हा अडसर टाकायचा आणि रोज सकाळी काढायचा. माझ्यासमोर. दोन बोटांनी. जगेल तोवर रोज.

नोकरी? नोकरी हाताने गेली त्याची. उजव्या हाताची तीन बोटं गेली ना कामातून. मोडली ती वाकडीच राहिली. साच्यावर धागा तुटला की क्षणात गाठ मारायची असते, ती त्या बोटांना कशी येणार? कापड खराब निघायला लागलं, आधी बदलीत टाकला, कुणी गैरहजर असेल त्या दिवशीच काम, मग फाटकावरच थांबवला. साहेबाला काय, त्याला बोटं पाहिजेत. कशी मोडली म्हणजे? पोलिसांनी मोडली. लाठी बसली म्हणाला. कधी म्हणजे? त्याच दिवशी. बरं झालं, मी म्हटलं, तुला पण बसली एक. कुठे काय, इथंच. आता पोलीस आत कसे — नाय, आत नाय आले, दार बंदच होतं की. ते गेल्यावर उघडलं. मग बसली कधी? तुम्हाला काय करायचंय मिस्त्री? खाली गेला असेल. नंतर गेला असेल खाली, तिथे बसली असेल. नाय, खाली कसा जाईल, मी आले तेव्हा पोराला घेऊन बसलेला… तेव्हाच हात रक्ताने भरले होते, मला वाटलं पोराचं. तुम्ही दार काढायला आलात की चौकशी करायला? काढा दार.

आता काय? चौकटीवरची ही खुंट्यांची फळी? आकडा सोडवायला ती काढायला लागेल? काढा मग, त्याने ठोकलीय ती. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी हे घेऊन बसला, मोडक्या हाताने खिळे ठोकत — म्हटलं बघा, पोर जाऊन चौदा दिवस नाय झाले आणि ह्याला सदरा टांगायला खुंटी पाहिजे! तीच हातोडी घेतली होती मी त्याच्या डोक्यावर, कमळाबाई मध्ये पडली म्हणून वाचला. उचकटा. जोर लावा. बायकोने जेवायला घातलं नाय का? हां, निघाली. टाका बाजूला.

काय बघताय? खुणा? कसल्या खुणा, जुनं लाकूड आहे, असायच्याच. सरा, बघू दे. …हे आधी नव्हतं. मी रोज पुसायची हे दार, ही चौकट, हे नव्हतं; सुतकात मात्र इकडे बघितलं नाय मी. इथे लाकूड चेचलंय. सगळं चेचलंय, आकड्याच्या भोवती, वरवंट्याने ठेचल्यासारखं. आणि ही खरड, ही खालून वर गेलीय, कोयत्याची आहे. कोयता घालून दांडा उचकटला की काय कुणी? ही पण. ही पण. हे काळं काय आहे? वॉर्निस नाय, आम्ही कधी वॉर्निस लावलं नाय. थांबा, ह्या फटीत काहीतरी रुतलंय, तुमचा तो चिमटा द्या. नाय, मी काढते. नख आहे. माणसाचं नख आहे हे. अख्खं.

मग काय झालं? काय सिद्ध होतं त्याने? बोलू नका तुम्ही. दोन बोटांचं काम आहे म्हणून सांगितलं ना तुम्हाला! कोयता कशाला लागतो? दोन बोटांनी उचलला की झालं! नाय पटत? लावा दार. लावा म्हणते ना. टाका अडसर आकड्यात. आता उचला. दोन बोटांनी उचला. बघा! बघा, आला ना अलगद वर? आला की नाय? पोरगं पण उचलेल! मी रोज उचलते, भांडी घासून आलेल्या ओल्या हातांनी उचलते. आणि त्याला जमलं नाय? सोंगं आहेत सगळी. नंतर केलं असेल हे, मला दाखवायला केलं असेल — मग फळी कशाला ठोकली वर? दाखवायचं होतं तर झाकलं कशाला?

काय म्हणालात? बाहेरून कोणी ढकलत असेल तर? तर काय? ढकलत असेल तर ढकलत असेल, दांडा तो दांडाच. बरं, थांबा. तुमच्या मनात हे राहायला नको. तुम्ही आत थांबा, मी बाहेर जाते. नाय, जाते मी. मी ढकलते, तुम्ही उचला, आणि मग मुकाट्याने काम करा. टाका अडसर. टाकलात? आवाज येतोय ना माझा? मी खांदा लावलाय. ढकलतेय. उचला आता. उचला. उचला की मिस्त्री, झोपलात? काय? निघत नाय म्हणजे? दोन्ही हातांनी उचला! तुम्ही खोटं बोलताय, तुम्हाला त्याने पढवलंय — थांबा, पाठ लावते. पाय लावते कठड्याला. आता उचला! अहो उचला! मी सगळा जोर लावलाय, तुम्ही आत काय करताय? उघडा! ऐकू येत नाय का? उघडा, अरे उघड, मी आहे, मी आहे बाहेर — उघडा —

सोडलं. ढकलत नाय आता. मागे झाले मी.

उघडलं. लगेच उघडलं.

हात दाखवा तुमचा. सोललाय. एवढ्यात सोललाय, आणि मी एकटी होते, म्हातारी बाई. तिथे पोर होतं, जीव खाऊन ढकलत होतं, गोण्या उचलणारं पोर, आणि त्याच्यावर ते सगळे. त्याने जेवढं ढकललं तेवढा दांडा आकड्यात रुतत गेला. आणि हा आतून कोयता घालतोय, वरवंटा घालतोय, मग हात घालतोय. मधे नुसतं दार. आणि पोराला वाटत असेल बाप उघडत नाय. असं वाटूनच गेला तो, मिस्त्री.

मग मला का नाय सांगितलं? तोंड शिवलं होतं त्याचं? एवढं मारलं, भाजलं, एकदा तरी म्हणायचं, जाई, निघत नव्हता गं अडसर. एवढंच म्हणायचं. मी काय म्हटलं असतं? मी म्हटलं असतं, मेल्या, मग असला अडसर बसवलास कशाला? असंच म्हटलं असतं मी.

आणि तो काय बोलला असता त्याच्यावर?

नाय बोलला. ताट मी फेकलं होतं, किल्ला माझा होता, हे त्याने कधी तोंडातून काढलं नाय. म्हणून फळी ठोकली. म्हणून नाय उघडलं, नाय उघडलं करत बसला वर्षभर, आणि मी त्याची पाठ… त्याची पाठ बघितली नायत तुम्ही. बघू नये अशी केलीय मी.

हातगाडीचा आवाज येतोय का खाली? बघा वाकून. पांढरी टोपी आहे? तोच. तोच आहे, आला परत. मिस्त्री, ती फळी घ्या. ती खुंट्यांची फळी घ्या आणि ठोका परत. होती तिथेच, त्याच भोकांत, खिळे पण तेच. ठोका लवकर, तो जिना चढायच्या आत ठोका. ते नख माझ्याकडे राहू द्या, पदरात बांधलंय. नाय, दार नाय काढायचं. न्यायचं नाय आता. राहू दे इथंच, गिरणीला काय करायचं ते करू दे त्याचं, मला नकोय. अडसर पण नको. हे ऐका, तुम्ही काय बघितलं नाय. फळी काढली नाय, बिजागरी सोडली नाय, मी बाहेर गेले नाय. वॉचमनने पाठवलं होतं, खोली बघून गेलात, एवढंच. त्याला वाटू दे मला ठाऊक नाय. त्याने एवढं सांभाळलंय, ते मी कशी मोडू त्याच्यासमोर?

बसली फळी? हलवून बघा. घट्ट आहे. सदरा टांगते त्याच्यावर, असू दे.

आता निघा. जिन्यात हे भेटतील, ह्यांना काय बोलू नका, फक्त सांगा, खालीच थांबा, ट्रंक उचलायला वर येऊ नका. जाईबाई घेऊन येतेय म्हणावं. ह्यांच्या हाताला जमत नाय उचलायला. जा ना आता. हत्यारं घ्या तुमची. आणि रडताय कशाला? तुमचा कोण लागत होता तो? चला, निघा.